अक्षर नुसतं तिरपं केलं म्हणजे इटॅलिक होत नाही

मागच्या वर्षी मामेभावाचं लग्न होतं आणि पत्रिका घरच्यांनी परस्पर एका प्रेसमध्ये टाकली. व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं तेव्हा सगळेच खूश. वर इंग्रजीत दोघांची नावं, मोठ्ठी, उजवीकडे डौलात झुकलेली, जाड रेघ अगदी जाड आणि बारीक रेघ केसासारखी, मधे ते वेलीसारखं वळलेलं "आणि"चं चिन्ह. फोनवर बोटांनी मोठं करून बघितलं तर खरंच देखणं होतं. मग पत्रिका छापून आल्या. मरून रंगाचा खरबरीत कागद, त्यावर सोनेरी फॉइल, आणि नावातल्या बारीक रेघा जवळजवळ सगळ्या गायब, नुसत्या जाड काड्या शेजारी शेजारी उभ्या केल्यासारख्या. खाली मुहूर्ताची वेळ त्याच फॉन्टमध्ये, त्यातला सात खाली लोंबलेला, तीन खाली लोंबलेला आणि शून्य एवढंसं, आत्याने फोन करून विचारलं की हा आकडा आहे का इंग्रजी ओ. आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून" ही ओळसुद्धा तिरपी, वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर पडलेल्या.

मी डीटीपी आणि डिझाइनची कामं करते त्यामुळे सगळ्यांनी मला एकच विचारलं, फॉन्ट चांगला होता ना मग बिघडलं कुठे? फॉन्ट चांगलाच होता. प्लेफेअर डिस्प्ले नावाचा फॉन्ट आहे, त्यातलं इटॅलिक होतं ते, आणि माझं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे. आजकाल इन्स्टाग्रामच्या पोस्ट, कॅफेचे मेन्यू, साड्यांच्या ब्रँडचे लोगो, जिकडे बघाल तिकडे हा किंवा याच्या जातीचा एखादा फॉन्ट दिसतो. पण तो कशासाठी बनलाय हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी दोन शब्दांचा अर्थ

इटॅलिक म्हणजे इंग्रजी अक्षरांचं ते उजवीकडे झुकलेलं रूप, वर्डमध्ये तिरप्या आयचं बटण दाबलं की येतं ते. आणि डिस्प्ले म्हणजे मोठ्या आकारात, थोडक्या शब्दांसाठी काढलेला फॉन्ट. पुस्तकाच्या आतल्या पानांवरचा फॉन्ट वेगळा आणि मुखपृष्ठावरचा वेगळा, कारण त्यांची कामंच वेगळी. घरात रोज नेसायची सुती साडी आणि लग्नातला शालू, दोन्ही साड्याच, पण शालू नेसून कोणी भांडी घासत नाही. शालूत वाईट काही नाही, तो त्या कामासाठी विणलेलाच नसतो. प्लेफेअरच्या नावातच डिस्प्ले आहे, म्हणजे बनवणाऱ्याने पाटी लावूनच दिलंय, आपण ती वाचत नाही एवढंच.

इटॅलिक म्हणजे दुसरं हस्ताक्षर

बहुतेकांना वाटतं की सरळ अक्षर ढकलून तिरपं केलं की झालं इटॅलिक. तसं नाहीये. आपल्याला हे समजायला खरं तर इंग्रजांपेक्षा सोपं जावं कारण आपल्याकडे बालबोध आणि मोडी होतीच की. पोथी लिहायची तर बालबोध, एकेक अक्षर सुटं, नीट. दफ्तरात हिशोब आणि पत्रं लिहायची तर मोडी, आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली सरसर लिहीत जायचं. मोडीचा "क" म्हणजे बालबोध "क" तिरपा केलेला नव्हे, वेगाने लिहिताना हाताला जे सोपं पडलं त्यातून ते वळण आलेलं आहे. लपेटीदार म्हणतो ना आपण, ते.

इटलीत साधारण हाच प्रकार झाला. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये निकोलो निकोली नावाचे एक विद्वान होते, जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला करायचे, आणि भराभर लिहिण्यासाठी त्यांनी एक झुकतं, जोडत जाणारं वळण वापरलं. ते वळण पुढे शिकल्यासवरल्या लोकांत पसरलं. मग व्हेनिसचे प्रकाशक आल्डस मानुशियस यांनी त्या वळणाचे छपाईचे खिळे करून घेतले, ते कोरणारा कारागीर होता फ्रांचेस्को ग्रिफो, आणि १५०१ साली व्हर्जिल या लॅटिन कवीचं अख्खं पुस्तक त्या अक्षरात छापून निघालं. छोटं, हातात धरून कुठेही नेता येईल असं पुस्तक.

यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे तेव्हा इटॅलिक हे शब्दावर जोर द्यायला नव्हतंच, संपूर्ण पुस्तक त्यात असायचं, सरळ अक्षरात मधेच एखादा शब्द तिरपा घालायची पद्धत नंतर पडली. आणि दुसरी म्हणजे आल्डसच्या इटॅलिकमधली मोठी अक्षरं, म्हणजे कॅपिटल, ती सरळच होती! झुकलेली फक्त लहान लिपी. कारण झुकणं आलं ते भरभर लिहिण्यातून आणि भरभर लिहिली जायची ती लहान अक्षरं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोरू आणि टाक

आता नाट्य. इटॅलिक झुकलेलं असतं ठीक आहे, पण पत्रिकेवरचं ते अक्षर एवढं नाटकी का दिसत होतं? त्याचं उत्तर जाड-बारीक रेघांच्या फरकात आहे.

ज्यांनी बोरूने कित्ता गिरवलाय त्यांना माहीत असेल, बोरूचं टोक चपटं कापलेलं असतं त्यामुळे रेघ जाड येणार का बारीक हे तुम्ही कुठल्या दिशेने ओढता यावर ठरतं. टाकाचं तसं नाही. टाकाचं निब टोकदार असतं आणि मधे चिरलेलं असतं, वरून खाली येताना दाब दिला की ती चीर फाकते, शाई जास्त उतरते, रेघ जाड होते, आणि वर जाताना हात हलका ठेवला की केसाएवढी रेघ उमटते. आमच्या आजोबांकडे टाक आणि दौत होती आणि त्यांच्या सहीतला पहिला दंड एवढा जाड आणि शेवटची लपेट एवढी बारीक की ती कुठे संपते हे कळायचंच नाही. लहानपणी मला ती जादू वाटायची, ती दाबाची होती.

अठराव्या शतकात युरोपात हेच झालं, चपट्या टोकाच्या लेखणीच्या जागी टोकदार लेखणी आली आणि अक्षरांची चव बदलली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिल म्हणून होते, मूळचे हस्ताक्षर शिकवणारे आणि दगडावर अक्षरं कोरणारे, त्यांनी १७५७ साली त्याच व्हर्जिलचं पुस्तक छापलं, आणि त्यासाठी खिळे नवे, शाई जास्त काळी, कागद जास्त गुळगुळीत असं सगळंच नव्याने जमवलं. कागद गुळगुळीत का, तर खरबरीत कागदावर बारीक रेघ टिकत नाही म्हणून. म्हणजे आमच्या पत्रिकेचं जे झालं त्याचं कारण त्यांना अडीचशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. त्यांच्यानंतर इटलीत पार्मा शहरात बोडोनी नावाचे छापखानेवाले आणि पॅरिसमध्ये दिदो हे छापखानेवाल्यांचं घराणं, यांनी तो जाड-बारीक फरक आणखी ताणला, पार टोकाला नेला. व्होग मासिकाचं मुखपृष्ठावरचं नाव आठवा, ते त्याच दिदो वळणाचं.

जवळून बघू या

प्लेफेअर डिस्प्ले केला डेन्मार्कच्या क्लाउस एगर्स सोरेनसन यांनी, २०११ साली तो आला, आणि त्यांची प्रेरणा हाच अठराव्या शतकातला, बास्करव्हिलच्या वेळचा काळ. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो त्यामुळे जगभर पसरला.

एकदा फोनवर नाही, कॉम्प्युटरवर त्याचं इटॅलिक खूप मोठं करून बघा, पान भरेल एवढं. लहान लिपीतला "ए" बघा. सरळ प्लेफेअरमध्ये तो दोन मजली असतो, वर छत्री आणि खाली पोट. इटॅलिकमध्ये छत्री नाहीच, एकच गोल आणि त्याला टेकलेला दंड, आपण हाताने लिहितो तसा. "एफ" बघा, सरळमध्ये तो ओळीवर उभा असतो, इटॅलिकमध्ये ओळीच्या खाली शेपूट सोडतो. काही रेघा संपताना नुसत्या संपत नाहीत, तिथे छोटा थेंब असतो, टाकाच्या टोकावर शाई साठून टपकावी तसा, हे थेंबच मला वाटतं निम्मं नाट्य करतात कारण नजर एका थेंबावरून दुसऱ्यावर उडी मारत जाते. आणि दंडातून बाहेर पडणारी रेघ बघा, ती दंडाला चिकटून वर चढते आणि वळणावर येईपर्यंत इतकी बारीक होते की तिथे अक्षर तुटतंय का काय असं वाटावं, आणि मग एकदम भरते. हा श्वास रोखून धरल्यासारखा क्षण प्रत्येक "एन"मध्ये आहे, प्रत्येक "एम"मध्ये दोनदा आहे. आणि ते "आणि"चं चिन्ह, अँपरसँड म्हणतात त्याला, इटॅलिकमध्ये ते सगळ्यात मोकळं सुटतं, मी तर कधीकधी नुसतं ते चिन्हच मोठं करून मधे ठेवते आणि नावं साध्या फॉन्टमध्ये लिहिते.

दुसरी एक गोष्ट, याच्या लहान लिपीची उंची बरीच आहे आणि खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड आहेत. त्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या जवळ आणता येतात, मथळा घट्ट बसतो. मासिकाच्या पानावर हे फार कामाला येतं.

पत्रिकेतल्या आकड्यांचं कोडंही इथेच सुटतं. या फॉन्टमधले नेहमीचे आकडे जुन्या पद्धतीचे आहेत, म्हणजे इंग्रजी ३, ४, ५, ७, ९ ओळीच्या खाली उतरतात, ६ आणि ८ वर चढतात आणि ०, १, २ लहान अक्षरांएवढे बुटके राहतात. वाक्याच्या मधे एखादं साल आलं तर ते सुंदर मिसळून जातं. पण मोबाइल नंबर किंवा वेळ लिहिली की आकडे नाचायला लागतात आणि बुटकं शून्य "ओ" वाटतं, आत्याची काही चूक नव्हती. एका उंचीचे आकडे फॉन्टच्या आत आहेत, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनटाइप नावाच्या सोयींमध्ये, म्हणजे फॉन्टच्या आत ठेवलेली जादा रूपं जिथून निवडता येतात तिथे, ते चालू करता येतात, पण सगळ्या ॲपमध्ये ती सोय मिळत नाही. मिळत नसेल तर सरळ दुसरा फॉन्ट घ्या आकड्यांसाठी.

मग हा कुठे शोभतो

दोन नावं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं दोन-तीन शब्दांचं शीर्षक. मेन्यूमधली भागांची नावं, पदार्थांची नाहीत. मासिकाच्या लेखातून उचललेलं एखादं वाक्य जे पानाच्या मधे मोठं करून टाकतात. अत्तर, दागिने, बेकरी, फोटोग्राफर यांचं नाव.

आणि माझा सगळ्यात लाडका उपयोग म्हणजे सरळ अक्षरातल्या मथळ्यात एकच शब्द इटॅलिक करणं. समजा इंग्रजी मथळ्यात पाच शब्द आहेत, चार सरळ आणि त्यातला जो शब्द तुम्ही बोलताना जरा लांबवला असता तो इटॅलिक. नाटकात सगळेच ओरडून बोलायला लागले तर काही ऐकू येत नाही, एकाने आवाज बदलला तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, तसंच आहे हे.

आकाराचं म्हणाल तर माझा स्वतःचा ठोकताळा असा, छपाईत २४ पॉइंटच्या खाली जायचं नाही. ७२ पॉइंटचा एक इंच, म्हणजे २४ म्हणजे इंचाचा तिसरा भाग. हा काही नियम नाही, कागद आणि छपाई बघून कमीजास्त होतं, पण एवढं धरलं की सहसा फसगत होत नाही.

सगळं कॅपिटलमध्ये लिहू नका. आल्डसची सरळ कॅपिटल आठवतात ना? इटॅलिकची सगळी लय लहान लिपीत आहे, एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जाण्यात आहे, आणि कॅपिटल एकमेकांत वाहत नाहीत. सगळी कॅपिटल तिरपी केली की एका बाजूला कललेलं कुंपण दिसतं. तसंच अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह, लोगोमध्ये फार दिसतो, सरळ कॅपिटलमध्ये तो छान दिसतो पण लहान लिपीच्या इटॅलिकमध्ये अंतर वाढवलं की हातात हात धरून चाललेली माणसं सुटी केल्यासारखं होतं.

"पण एवढा सुंदर आहे तर सगळा मजकूरच यात का नको?"

हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. उत्तर सोप्या हिशोबात आहे. समजा एखाद्या फॉन्टची बारीक रेघ त्याच्या आकाराच्या पन्नासाव्या भागाएवढी आहे. मथळा १०० पिक्सेलचा असेल तर ती रेघ २ पिक्सेल, व्यवस्थित दिसते. तोच फॉन्ट १६ पिक्सेलला आणला, जो वेबसाइटवर मजकुराचा नेहमीचा आकार, तर रेघ पिक्सेलच्या तिसऱ्या भागाएवढी झाली. स्क्रीनला पिक्सेलचा तुकडा काळा करता येत नाही, तो पूर्ण पिक्सेलच फिकट राखाडी करतो. म्हणजे जाड रेघा काळ्या आणि बारीक रेघा धुरकट, आणि डोळा प्रत्येक अक्षरात अर्धा भाग ओळखत आणि अर्धा अंदाजाने भरत बसतो. दोन शब्दांना चालतं, दोन परिच्छेदांना नाही.

जुने खिळे ओतणारे यावर उपाय करायचे, लहान आकाराचे खिळे वेगळे कोरायचे, त्यात बारीक रेघ थोडी जाड ठेवायची. १९९१ साली अमेरिकेत जोनाथन हेफ्लर यांनी हार्पर्स बझार मासिकासाठी दिदो वळणाचा फॉन्ट केला तो सात वेगवेगळ्या आकारांसाठी सात वेळा काढला, का तर मोठ्या मथळ्यात आणि लहान ओळीत बारीक रेघ सारखीच बारीक दिसावी आणि तरी तुटू नये. आता तर प्लेफेअरचीच नवी आवृत्ती आहे, नुसतं प्लेफेअर, डिस्प्ले नाही, तिच्यात आकाराप्रमाणे रेघा जाड-बारीक होतात. मजकुराला प्लेफेअरच हवा असेल तर ती बघा.

"असले फॉन्ट डोळ्यांना त्रास देतात, नुसती फॅशन आहे"

ही तक्रार नवी नाही हो. बास्करव्हिल जिवंत असताना लोक हेच म्हणत होते. बेंजामिन फ्रँकलिन, अमेरिकेचे मोठे पुढारी पण मूळचे छापखानेवाले, त्यांनी १७६० साली बास्करव्हिलना पत्रातून एक किस्सा कळवला होता. एक गृहस्थ त्यांना म्हणाले की बास्करव्हिलची अक्षरं इतकी बारीक रेघांची आहेत की देशातल्या सगळ्या वाचकांचे डोळे जाणार. फ्रँकलिन आत गेले, कॅस्लन नावाच्या दुसऱ्याच माणसाचा, म्हणजे त्या काळच्या सगळ्यांच्या सवयीच्या खिळ्यांचा नमुना-कागद घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि हा बास्करव्हिलचा म्हणून त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी लगेच एकेका ओळीवर बोट ठेवून दोष दाखवायला सुरुवात केली, हे बघा कसं टोचतं डोळ्यांना. ज्या अक्षरात ते आयुष्यभर आरामात वाचत आले होते, त्याच अक्षराबद्दल.

म्हणून कोणी म्हणालं की हा फॉन्ट त्रासदायक आहे तर मी आधी विचारते कुठे बघितला, केवढा होता, कशावर छापला होता. तक्रार बऱ्याचदा खरी असते, फक्त ती फॉन्टची नसून जागेची असते. महामार्गावरच्या पाटीवर, फॉर्मवर, औषधाच्या वेष्टनावर, पत्त्यात, गाडीतून जाताना तीन सेकंद दिसणाऱ्या होर्डिंगवर हा फॉन्ट टाकलेला दिसला तर मीसुद्धा तक्रार करेन.

छापताना काय होतं ते

प्रेसवाल्यांशी बोलताना हे माहीत असलं की बरं. गुळगुळीत आर्ट पेपरवर ऑफसेटने छापलं तर बारीक रेघ टिकते. हँडमेड किंवा खरबरीत कागदावर कागदाचे खड्डेच रेघेपेक्षा मोठे असतात. फॉइलमध्ये तापलेला ठसा दाबून सोनेरी थर कागदावर चिकटवतात, फार बारीक जागी तो नीट चिकटत नाही किंवा शेजारच्या पोकळीत भरतो. गडद रंगावर पांढरं अक्षर, ज्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो, तिथे चारी बाजूंनी शाई पसरते आणि पांढरी बारीक रेघ खाऊन टाकते. फ्लेक्सवर लांबून बघायचं असतं त्यामुळे तिथेही बारीक रेघ गेलीच.

अशा ठिकाणी याच फॉन्टचं जाड वजन घ्यायचं, बोल्ड किंवा ब्लॅक, इटॅलिकसकट मिळतं. किंवा फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून, नावाला अगदी पातळ बाहेरची रेघ देऊन बारीक भाग थोडा भरायचा, शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही पण छापलेलं नाव वाचता येणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि फोनवर प्रूफ पास करू नका. खऱ्या मापात, खऱ्या कागदावर एक प्रत मागा, हात लांब करून धरा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचायला द्या.

"मग मराठी ओळ पण इटॅलिक केली तर जोडी जमेल ना?"

नाही, आणि इथे मी जरा हट्टाने सांगते.

प्लेफेअरमध्ये देवनागरी नाहीच. तुम्ही त्यात मराठी टाइप करता तेव्हा सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट उचलतं, आणि इटॅलिकचं बटण चालू असेल आणि त्या दुसऱ्या फॉन्टला तिरपं रूप नसेल तर अख्खं अक्षर गणिताने उजवीकडे ढकलतं. कोणी बसून ते काढलेलं नसतं. पत्त्यांची चळत हाताने तिरकी सरकवली तर कशी दिसेल, तसं.

"श्रीकृपेकरून" हा शब्द असा ढकलून बघा. शिरोरेषा आडवी आहे ती आडवीच राहते, फक्त उजवीकडे सरकते, आणि तिच्याखालचे दंड तिरपे होतात, म्हणजे वरची तुळई सरळ आणि खांब कललेले. "श्री"ची वेलांटी आधीच वर आहे, जितका भाग उंच तितका तो जास्त सरकतो, त्यामुळे ती पुढच्या "कृ"च्या डोक्यावर जाते. "पे"ची मात्रा "क"कडे सरकते, "रू"चा उकार उलट डावीकडे मागे राहतो. रफार असेल तर तो नक्की कुठल्या अक्षराचा हे क्षणभर कळत नाही. इंग्रजीला वर-खाली एवढं काही लटकलेलं नसतं म्हणून तिथे ढकललेलं अक्षरही एकवेळ खपून जातं, आपल्या लिपीत खपत नाही.

मग देवनागरीत जोर कसा द्यायचा? तसाच जसा आपण देत आलोय, ठळक करून, आकार वाढवून, अवतरणचिन्हं घालून, रंग बदलून, ओळीला मोकळी जागा देऊन. आपल्या छपाईत इटॅलिकची परंपरा नाही कारण आपलं भरभर लिहिण्याचं वळण मोडी लिपीत राहिलं आणि छपाईत बालबोध स्थिरावली, दोन्हींची अशी जोडगोळी छापखान्यात बनली नाही. हल्ली काही नव्या देवनागरी फॉन्टमध्ये तिरपं रूप मुद्दाम बसून, मात्रा-वेलांट्या जागेवर आणून काढलेलं असतं, ते वापरायला माझी काहीच हरकत नाही.

"म्हणजे मराठीत नाट्य नाहीच?"

असं कसं म्हणता! कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं बघा, एकेका नाटकाचा स्वभाव त्या अक्षरात उतरायचा, आणि ते काही बटण दाबून होत नव्हतं, प्रत्येक नाव हाताने नव्याने काढलेलं असायचं. देवनागरीतलं नाट्य दंडाच्या जाडीत आहे, वेलांटी किती उंच उडवायची यात आहे, जोडाक्षर कसं रचायचं यात आहे. झुकण्यावर ते अवलंबून नाही.

तयार फॉन्टच हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन बघा, गूगल फॉन्ट्सवर तोही फुकट आहे. त्यात देवनागरी सरळच आहे पण जाड-बारीक फरक एवढा प्रचंड की प्लेफेअरच्या इटॅलिकशेजारी ठेवला तर दोघं एका घरातले वाटतात. जोडी जमवायची ती झुकावाची नव्हे, जाड-बारीक रेघांची, हे मला समजायला बरीच वर्षं लागली आणि समजल्यावर द्विभाषिक पत्रिका करणं एकदम सोपं झालं.

"सगळेच वापरतात, मग आपण का?"

खरंय, प्लेफेअर खूप दिसतो. म्हणून सोडायचाच असेल तर कॉर्मोरंटचं इटॅलिक बघा, तेही गूगल फॉन्ट्सवर आहे, जास्त नाजूक आहे, त्यामुळे वर सांगितलेली छपाईची काळजी दुप्पट घ्यावी लागेल. पण नुसतं खूप दिसतो म्हणून सोडू नका असं मी म्हणेन. पैठणीचा मोर घरोघरी असतो आणि तरी चांगली विणलेली पैठणी समोर आली की हात लावावासा वाटतोच. आणि हो, फुकट आहे म्हणजे चोरीचा नाही, मुक्त परवान्याखाली दिलाय, धंद्यासाठीही वापरता येतो, वेगळे पैसे भरायला लागत नाहीत.

मामेभावाच्या पत्रिका पुन्हा छापायला वेळ नव्हता, पण रिसेप्शनच्या दारातल्या फलकाचं काम शेवटी माझ्याकडे आलं. नावं त्याच इटॅलिकमध्ये ठेवली, ब्लॅक वजनात, हातभर मोठी, गुळगुळीत पांढऱ्या बोर्डावर मरून रंगात. खाली मराठी ओळ रोझा वनमध्ये सरळ. वेळ आणि हॉलचं नाव एका साध्या फॉन्टमध्ये, आकडे सगळे एका उंचीचे. आत्या दारातच थांबली, चष्मा वर केला आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, शून्यासकट.